युरोपचा प्रादेशिक निधी कामी आला का? कॉर्नवॉल आणि साउथ यॉर्कशायर समोर ठेवून मूल्यमापन शिकू

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर कॉर्नवॉल आहे. तिथे फिरताना निळ्या पार्श्वभूमीवर बारा पिवळ्या ताऱ्यांचं वर्तुळ असलेल्या पाट्या जागोजागी दिसायच्या. पेनरिनचं विद्यापीठ संकुल, जुन्या मातीच्या खाणीत उभारलेला ईडन प्रोजेक्ट, खेड्यापाड्यांत पोचलेलं वेगवान ब्रॉडबँड, या सगळ्यांत ब्रसेल्सचा पैसा होता. तरीही २३ जून २०१६ च्या सार्वमतात कॉर्नवॉलच्या ५६.५ टक्के मतदारांनी युरोपीय युनियन सोडण्याच्या बाजूने कौल दिला. या पैशाने लोकांच्या आयुष्यात नेमकं काय बदललं, हा प्रश्न त्या दिवसानंतर फक्त अभ्यासकांपुरता राहिला नाही.

त्याचं उत्तर शोधण्याची रीत मला इथे सांगायची आहे. अर्थशास्त्र, नियोजन, भूगोल किंवा लोकप्रशासनात एम. ए., पीएच. डी. करणाऱ्यांना आणि युरोपात संशोधनासाठी अर्ज करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. लागणारी जवळपास सगळी आकडेवारी फुकट आणि खुली आहे, त्यामुळे नांदेड किंवा सावंतवाडीत बसूनही हे काम करता येतं. आपल्याला 'अनुशेष' हा शब्द नवा नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष मोजला तो रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांच्या तुटीवरून. युरोपातला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तूट भरायला पैसा दिला, आता त्याचा परिणाम दाखवा.

आधी धोरणाचा सांगाडा

युरोपीय प्रादेशिक विकास निधी १९७५ मध्ये सुरू झाला. सामाजिक निधी त्याहून जुना, १९५७ च्या रोम करारातला. १९८८ मध्ये जाक देलोर युरोपीय कमिशनचे, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाचे, अध्यक्ष असताना या निधींची मोठी पुनर्रचना झाली आणि बहुवार्षिक कार्यक्रम आले: १९८९–९३, १९९४–९९, २०००–०६, २००७–१३, २०१४–२० आणि सध्याचा २०२१–२७. या सगळ्याला मिळून 'कोहेजन पॉलिसी' म्हणतात. सध्याच्या कालावधीत तिचा वाटा सुमारे ३९२ अब्ज युरो, म्हणजे युनियनच्या अंदाजपत्रकाच्या जवळपास एक तृतीयांश आहे.

पैसा देशाला नव्हे, मुख्यतः प्रदेशाला मिळतो. प्रदेश म्हणजे 'नट्स २' पातळीचा विभाग, ज्याची लोकसंख्या साधारण ८ लाख ते ३० लाख असते. प्रदेशाचा दरडोई जीडीपी युनियनच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असेल तर तो सर्वाधिक मदतीला पात्र ठरतो. २००६ पर्यंत या गटाला 'उद्दिष्ट १' म्हणत. ही ७५ टक्क्यांची रेघ लक्षात ठेवा. राजकारण्यांनी ती पैसे वाटण्यासाठी आखली, पण संशोधकांच्या हाती त्यातून एक दुर्मीळ साधन आलं. त्याकडे पुढे येऊ.

पहिली पायरी: प्रश्न एकच घ्या

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे 'युरोपीय प्रादेशिक धोरण यशस्वी झालं का' असा प्रश्न घेऊन बसणं. त्याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. प्रश्न असा हवा की त्यात एक जागा, एक काळ, एक निर्देशक आणि एक तुलना असेल. उदाहरणार्थ, '२००० मध्ये उद्दिष्ट १ चा दर्जा मिळाल्यामुळे कॉर्नवॉलमधली बेरोजगारी, हा दर्जा न मिळालेल्या तत्सम ब्रिटिश प्रदेशांपेक्षा अधिक कमी झाली का?'

हा प्रश्न लिहिताना चार गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका. निधी किती खर्च झाला, ही एक. त्यातून काय उभं राहिलं, ही दुसरी. लाभार्थींकडे काय बदललं, ही तिसरी. आणि त्यातलं किती निधीमुळे बदललं, ही चौथी. सध्याच्या कालावधीतले समान निर्देशक दुसऱ्या-तिसऱ्यात नीट फरक करतात: 'आरसीओ ०१' म्हणजे मदत मिळालेले उद्योग, 'आरसीआर ०१' म्हणजे मदत मिळालेल्या संस्थांत निर्माण झालेल्या नोकऱ्या. पण आरसीआरचा आकडा कितीही मोठा असला तरी तो चौथ्या प्रश्नाचं उत्तर नाही. त्या नोकऱ्या तशाही निर्माण झाल्या असत्या का, हे त्यात कुठेच नसतं. सरकारी अहवालांत 'निधी ९५ टक्के खर्च झाला' हे वाक्य यशाचा दाखला म्हणून येतं तेव्हा मला वाईट वाटतं. खर्च होणं ही तर सुरुवात आहे.

दुसरी पायरी: जागा निवडा आणि तिचा इतिहास वाचा

मी कॉर्नवॉल आणि साउथ यॉर्कशायरची जोडी सुचवते, कारण तिच्यात जवळजवळ प्रयोगशाळेसारखी मांडणी आपोआप झाली आहे. दोन्ही प्रदेश इंग्लंडचे. एकाचं अर्थकारण मासेमारी, शेती, पर्यटन आणि बंद पडलेल्या कथिलाच्या खाणींचं. दुसऱ्याचं कोळसा आणि पोलादाचं: शेफील्ड, रॉदरम, बार्न्सली, डॉनकॅस्टर. दोघांनाही २००० मध्ये उद्दिष्ट १ चा दर्जा मिळाला. २००७ मध्ये वाटा वेगळ्या झाल्या. कॉर्नवॉल सर्वाधिक मदतीच्या गटात राहिला. साउथ यॉर्कशायर त्या गटातून बाहेर पडला आणि मदत मोठ्या प्रमाणावर घटली.

इतिहास वाचला नाही तर एक महत्त्वाची गोष्ट निसटते. कॉर्नवॉल २००० मध्ये अचानक गरीब झाला नव्हता. आधी सांख्यिकी नकाशावर तो शेजारच्या डेव्हनशी जोडलेला होता आणि दोघांची सरासरी रेघेच्या वर जायची. १९९८ च्या सुमारास नकाशा बदलला, कॉर्नवॉल वेगळा प्रदेश झाला आणि पात्र ठरला. म्हणजे निधी मिळण्याचं एक कारण कागदावरची सीमारेषा हे होतं. मूल्यमापनासाठी ही उत्तम बातमी आहे, कारण निधी येण्याच्या वेळेचा स्थानिक अर्थकारणातल्या एखाद्या घडामोडीशी थेट संबंध उरत नाही.

असे सीमाबदल इतरत्रही झाले. हंगेरीत बुडापेस्ट आणि भोवतीचा पेश्त परगणा वेगळे केले गेले. पोलंडमध्ये वॉर्सा राजधानी क्षेत्र बाकीच्या माझोविया प्रांतापासून अलग झालं. दोन्ही बदल २०१८ पासून लागू आहेत. श्रीमंत राजधानीमुळे भोवतालचा गरीब भाग अपात्र ठरू नये, हा त्यामागचा हिशोब. तुमच्या निवडीच्या प्रदेशात असं काही झालं आहे का, हे आकडे उघडण्याआधीच तपासा.

तिसरी पायरी: आकडे जमवा, पण ताकही फुंकून प्या

दरडोई जीडीपी, रोजगार, शिक्षण, लोकसंख्या यांसाठी युरोस्टॅट, म्हणजे युनियनचं सांख्यिकी कार्यालय. १९८० पासूनची सलग प्रादेशिक मालिका हवी असेल तर युरोपीय कमिशनचा 'आर्डेको' हा आकडेसंग्रह. प्रकल्पवार माहितीसाठी 'कोहेसिओ', जे कमिशनने २०२२ मध्ये खुलं केलं आणि ज्यात दहा लाखांहून अधिक प्रकल्प नकाशावर शोधता येतात. इटली निवडलीत तर 'ओपनकोएझिओने' नक्की पाहा. २०१२ मध्ये फाब्रिझिओ बार्का मंत्री असताना ते सुरू झालं आणि तिथल्या शाळांतली मुलंसुद्धा त्यातून आपल्या गावातला एखादा प्रकल्प निवडून त्याचा माग काढतात. ब्रिटनच्या स्थानिक बेरोजगारीसाठी 'नोमिस', जिथे ऐंशीच्या दशकापासूनचे बारीक पातळीवरचे आकडे मिळतात. राज्यकारभाराच्या गुणवत्तेचा प्रादेशिक निर्देशांक स्वीडनमधलं गॉथेनबर्ग विद्यापीठ २०१० पासून काही वर्षांच्या अंतराने काढतं.

आता खाचखळगे. यातल्या प्रत्येकात मी स्वतः किंवा माझ्यासोबतचं कोणीतरी पडलेलं आहे.

जीडीपी कामाच्या ठिकाणी मोजला जातो, राहत्या घरी नाही. ब्रसेल्स, लक्झेंबर्ग, मध्य लंडन इथे रोज बाहेरून लाखो माणसं कामाला येतात. उत्पादन शहराच्या नावे लागतं, पण दरडोई काढताना भागाकार फक्त तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने होतो. म्हणून शहराचा आकडा फुगतो आणि शेजारच्या प्रदेशाचा दबतो. जिथे ये-जा मोठी आहे तिथे घरगुती उत्पन्न किंवा रोजगाराचा दर हा निर्देशक बरा.

आयर्लंड निवडणार असाल तर विशेष जपा. २०१५ मध्ये त्या देशाचा जीडीपी एका वर्षात सुमारे एक चतुर्थांशाने वाढला. नवे कारखाने उभे राहिल्यामुळे नव्हे, तर बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा आयर्लंडच्या वह्यांत नोंदवल्यामुळे. ते वर्ष तुमच्या आलेखात असेल तर त्याचं श्रेय प्रादेशिक निधीला देणं म्हणजे निव्वळ बादरायण संबंध जोडणं.

तिसरा खळगा 'सरासरी'चा. पात्रता युनियनच्या सरासरीशी जोडलेली आहे आणि सरासरी स्वतःच हलते. २००४ मध्ये दहा नवे, बहुतेक गरीब देश आले. सरासरी खाली आली आणि काही जुने प्रदेश काहीही न करता ७५ टक्क्यांच्या वर गेले. स्पेनचा अस्तुरियास, पोर्तुगालचा अल्गार्वे, बेल्जियमचा एनो, जर्मनीचा हाले असे १६ प्रदेश त्यात होते. ते श्रीमंत झाले नव्हते, फक्त मोजपट्टी बदलली होती. 'प्रदेश रेघ ओलांडून गेला' असं वाक्य दिसलं की तो चालत गेला की रेघच खाली सरकली, हे विचारा.

चौथा माझा स्वतःचा. एका अभ्यासात मी २००७ हे 'निधी थांबल्याचं वर्ष' धरून सगळी गणितं मांडली होती. आठवडाभराचं काम झाल्यावर एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी शांतपणे विचारलं, "शेवटचं बिल कधीचं आहे?" २०००–०६ च्या कार्यक्रमातला खर्च २००८ च्या अखेरीपर्यंत पात्र होता. मंदीमुळे काही कार्यक्रमांना २००९ पर्यंत मुदतवाढही मिळाली. म्हणजे कागदावर निधी २००६ ला संपला, पण रस्त्यावर कामं चालूच होती. शिवाय कमिशन आधी झालेल्या खर्चाची भरपाई करतं, म्हणून ब्रसेल्सची देयकाची तारीख आणि प्रत्यक्ष खर्चाची तारीख यांत वर्ष-दोन वर्षांचं अंतर पडतं. कमिशनच्या खुल्या माहितीत जुन्या देयकांची प्रदेशवार मालिका आहे आणि तिच्यात खर्चाच्या वर्षाचा अंदाजही दिलेला असतो. तोच रकाना वापरा. ते सगळं काम मला पुन्हा करावं लागलं होतं.

चौथी पायरी: साखळी कागदावर लिहून काढा

गणित सुरू करण्याआधी एका पानावर लिहा की पैसा परिणामापर्यंत कोणत्या वाटेने जाईल अशी तुमची अपेक्षा आहे. पेनरिनचं संकुल घ्या. इमारत झाली, अभ्यासक्रम आले, स्थानिक मुलांना शिकायला बाहेर जावं लागलं नाही, पदवी घेऊन काही तिथेच राहिली, त्यांना कामं मिळाली किंवा त्यांनी ती निर्माण केली. पाच कड्या झाल्या. प्रत्येक कडीपुढे लिहा: ती तुटली तर मला कुठल्या आकड्यात दिसेल, आणि ती घडायला साधारण किती वर्षं लागतील? विद्यापीठाचा परिणाम तीन वर्षांत दिसणार नाही. रस्त्याचं बांधकाम मात्र चालू असतानाच रोजगार दाखवतं आणि काम संपलं की तो रोजगार जातो. हा बांधकामाचा फुगवटा ओळखता आला नाही तर तात्पुरती मजुरी 'विकास' म्हणून अहवालात जाते.

या पानावर तारीख घाला आणि नंतर ते बदलू नका. निकाल पाहून मागाहून साखळी रचण्याचा मोह फार मोठा असतो.

पाचवी पायरी: 'नसतं तर' उभं करा

सगळ्या कामाचा कणा हाच. निधी आला आणि बेरोजगारी घटली, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडलेली असू शकते. २००० ते २००७ मध्ये ब्रिटनभर रोजगाराची स्थिती चांगलीच होती. म्हणून निधी नसता तर हाच प्रदेश कसा चालला असता, त्याचं चित्र उभं करावं लागतं. याला काउंटरफॅक्च्युअल म्हणतात. ते उभं करण्याच्या तीन मुख्य रीती आहेत.

पहिली त्या ७५ टक्क्यांच्या रेघेवर उभी आहे: रिग्रेशन डिसकन्टिन्युइटी. ७४ टक्क्यांवरचा आणि ७६ टक्क्यांवरचा प्रदेश मुळात सारखेच. एकाला भरघोस निधी, दुसऱ्याला फार कमी. मग रेघेच्या दोन बाजूंना नंतरची वाढ तुटक दिसते का, हे पाहायचं. साशा बेकर, पीटर एगर आणि माक्सिमिलियान फॉन एर्लिख यांनी २०१० मध्ये याच रीतीने दाखवलं की उद्दिष्ट १ च्या निधीने दरडोई जीडीपीची वाढ झाली, पण रोजगारात तशी वाढ आढळली नाही. त्याच तिघांचं २०१३ चं काम मला अधिक मोलाचं वाटतं. निधीचं रूपांतर वाढीत करू शकणारे प्रदेश सुमारे ३० टक्केच निघाले, आणि ते कोणते? जिथे लोक पुरेसे शिकलेले होते आणि संस्था बऱ्या चालत होत्या असे. सरासरी परिणामाच्या एका आकड्याखाली एवढी मोठी गोष्ट दडलेली होती.

ही रीत वापरणार असाल तर पात्रता ठरवताना वापरलेलेच आकडे हवेत. २०००–०६ साठी १९९४–९६ ची सरासरी धरली गेली, २००७–१३ साठी २०००–०२ ची, २०१४–२० साठी २००७–०९ ची आणि २०२१–२७ साठी २०१५–१७ ची. आज युरोस्टॅटवर मिळणारे आकडे नंतर दुरुस्त झालेले असतात. ते घेतलेत तर रेघेच्या चुकीच्या बाजूला प्रदेश पडतील. काही अपवादही आहेत. स्वीडन-फिनलंडच्या उत्तरेचे विरळ वस्तीचे प्रदेश रेघेच्या वर असूनही पात्र होते. त्यांची वेगळी नोंद ठेवा. आणि हेही ध्यानात असू द्या की ही रीत रेघेजवळच्या प्रदेशांबद्दलच बोलते. ४० टक्क्यांवर असलेल्या बल्गेरियाच्या वायव्य भागाबद्दल ती तुम्हाला काहीही सांगत नाही.

दुसरी रीत फरकांतल्या फरकाची: डिफरन्स-इन-डिफरन्सेस. निधी मिळालेल्यांत आधी-नंतर किती बदल झाला, न मिळालेल्यांत किती, आणि या दोन बदलांतलं अंतर किती. ती सोपी आहे, पण तिची एक अट आहे: निधी येण्याआधी दोन्ही गट समांतर चालत असले पाहिजेत. आधीच्या वर्षांचा आलेख काढून दाखवल्याशिवाय पुढचा आकडा कोणाला दाखवू नका.

तिसरी सिंथेटिक कंट्रोल. एकाच प्रदेशाचा अभ्यास असेल तर माझी पसंती हिला. कॉर्नवॉलसारखा हुबेहूब दुसरा प्रदेश सापडत नाही, म्हणून अनेक प्रदेशांचं वजन घालून मिश्रण करायचं. मिश्रण असं हवं की २००० पूर्वी ते कॉर्नवॉलच्या जोडीने चालेल. नंतर खरा कॉर्नवॉल आणि मिश्रण यांतलं अंतर म्हणजे परिणामाचा अंदाज. 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'सिंथ' नावाचं पॅकेज आहे आणि गणित काही ओळींत होतं.

कष्ट आहेत ते मिश्रणात कोण घ्यायचं हे ठरवण्यात. उद्दिष्ट १ मिळालेले मर्सीसाइड (लिव्हरपूल आणि परिसर) आणि वेस्ट वेल्स बाहेर काढा. डेव्हन? माझ्या मते तोही बाहेर. एक तर शेजारी असल्याने कॉर्नवॉलच्या निधीचे शिंतोडे त्याच्यावर उडतात. दुसरं, २००१ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांत लाळ्या-खुरकुताची प्रचंड साथ आली आणि कंब्रियासोबत डेव्हन सर्वाधिक होरपळला. डेव्हनला मिश्रणात ठेवलंत तर साथीमुळे तो खाली जाईल आणि कॉर्नवॉलचा निधी आहे त्याहून गुणकारी भासेल. अशी माहिती कुठल्याही आकडेसंग्रहात नसते. ती त्या वर्षांची स्थानिक वर्तमानपत्रं वाचूनच कळते. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, गणिताआधी पंधरा दिवस बातम्या वाचा.

आणखी एक अडचण: युरोस्टॅटची प्रादेशिक जीडीपी मालिका घेतली तर आधीची वर्षं फार थोडी मिळतात, आणि चार-पाच बिंदूंवर जुळवलेलं मिश्रण भरवशाचं नसतं. म्हणून मुख्य निर्देशक बेरोजगारीचा घ्या, जिथे मालिका लांब आहे, आणि जीडीपी जोडीला ठेवा. मार्को दि कातालदो यांनी २०१७ मध्ये याच दोन प्रदेशांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निधीचा श्रमबाजारावर आणि अर्थकारणावर चांगला परिणाम दिसला. पण मदत घटल्यावर साउथ यॉर्कशायरला ती कमाई टिकवता आली नाही. तुमचं गणित त्यांच्या निकालाशी ताडून पाहा. जुळलं नाही तर घाबरू नका, कुठे आणि का फरक पडला ते शोधा. सर्वांत जास्त शिकणं तिथेच होतं.

सहावी पायरी: स्वतःच्या निकालावर हल्ला करा

निधी न मिळालेल्या प्रदेशालाच 'मिळाला' असं समजून तेच गणित चालवा. तिथेही तेवढाच मोठा परिणाम दिसला तर तुमचा निकाल योगायोग आहे. निधीचं वर्ष तीन वर्षं मागे सरकवून बघा. मिश्रणातला एकेक प्रदेश वगळून बघा.

मग दुसरी कारणं समोर मांडा. साउथ यॉर्कशायरची घसरण २००७ नंतरची आहे, आणि २००८ मध्ये जगभर आर्थिक कोसळ झाली. कारखानदारी प्रदेशाला तिचा फटका पर्यटनाच्या प्रदेशापेक्षा अधिक बसणं साहजिक होतं. २०१० नंतर ब्रिटनमध्ये सरकारी काटकसर आली आणि प्रादेशिक विकास संस्था २०१२ पर्यंत बंद झाल्या. मग दोष निधी जाण्याचा की या सगळ्याचा? मर्सीसाइडही २००७ मध्ये बाहेर पडला, म्हणून तो तुलनेला घेण्याचा मोह होतो. पण २००८ मध्ये लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं आणि तिथे वेगळाच पैसा आला. सगळ्या अडचणी दूर होणार नाहीत. ज्या उरतील त्या मजकुरात, ठळक जागी लिहा.

सरकण्याचा प्रश्नही इथेच येतो. रॉदरममध्ये अनुदान घेऊन सुरू झालेला कारखाना पंधरा मैलांवरून उठून आला असेल तर साउथ यॉर्कशायरचा फायदा आणि शेजाऱ्याचा तोटा. वड्याचं तेल वांग्यावर. म्हणून लगतच्या प्रदेशांचे आलेखही नेहमी काढा. आणि केंद्र सरकारने युरोपचा पैसा येतो म्हणून स्वतःचा हात आखडता घेतला का, तेही बघा. १९९१ च्या सुमारास कोळसाक्षेत्रांसाठीच्या 'रेशार' निधीवरून कमिशनचे प्रादेशिक आयुक्त ब्रूस मिलन आणि ब्रिटिश सरकार यांच्यात याच मुद्द्यावर मोठा संघर्ष झाला होता. मिलन यांनी पैसा रोखून धरला, कारण तो खाणगावांना जादा मिळणार नाही अशी त्यांची खात्री होती.

सातवी पायरी: माणसांशी बोला

गणित 'किती' सांगतं. 'कसं' आणि 'का' कळायला लोकांकडे जावं लागतं, निदान व्हिडिओ कॉलवर तरी. पंधरा-वीस मुलाखती पुरतात, पण त्या वेगवेगळ्या बाजूंच्या हव्यात: निधी मिळालेला उद्योजक, अर्ज फेटाळला गेलेला, कौन्सिलमधला अधिकारी, कामगार संघटनेचा कार्यकर्ता, गावातली एखादी शिक्षिका. फेटाळल्या गेलेल्यांना बहुतेक अभ्यास विसरतात. त्यांनी अनुदानाशिवाय काय केलं, हा तर जिवंत काउंटरफॅक्च्युअल आहे.

'अनुदान मिळालं नसतं तर यंत्र घेतलं असतं का?' असं थेट विचारू नका. समोरचा 'मुळीच नाही' म्हणणार, कारण पुढचं अनुदानही हवंच असतं. त्याऐवजी विचारा की यंत्राचं पहिलं कोटेशन कधी मागवलं, बँकेशी बोलणी कधी झाली, संचालक मंडळाने कधी मंजुरी दिली. या तारखा अर्जाच्या आधीच्या निघाल्या तर उत्तर तुमच्यासमोर आहे.

साउथ यॉर्कशायरमध्ये ऑरग्रीव्हला जायला मिळालं तर जरूर जा. १९८४ च्या खाणसंपात पोलीस आणि कामगार जिथे भिडले, त्याच परिसरात २००१ मध्ये शेफील्ड विद्यापीठ आणि बोइंगने प्रगत कारखानदारीचं संशोधन केंद्र सुरू केलं. तिथे काम करणाऱ्याला एकच विचारा: तुझे वडील काय करायचे, आणि त्यांच्या सोबतच्यांची मुलं आता कुठे आहेत? प्रदेश वाढला, पण कोणाचा वाढला, हे दरडोई आकड्यात मावत नाही.

आठवी पायरी: अधिकृत मूल्यमापनं वाचायची कशी

२०२१–२७ साठीच्या नियमावलीत, म्हणजे २०२१/१०६० क्रमांकाच्या, कलम ४४ नुसार प्रत्येक कार्यक्रमाच्या परिणामाचं मूल्यमापन ३० जून २०२९ पर्यंत व्हायला हवं. ते कार्यक्रम राबवणाऱ्यांपासून स्वतंत्र असलेल्या तज्ज्ञांनी करायचं असतं आणि संकेतस्थळावर प्रसिद्ध करायचं असतं. निकष पाच: परिणामकारकता, कार्यक्षमता, गरजेशी मेळ, इतर धोरणांशी सुसंगती आणि युनियनमुळे पडलेली भर. कमिशनचं स्वतःचं मागे वळून पाहणारं मूल्यमापन २०३१ च्या अखेरीपर्यंत यायचं आहे. म्हणजे पुढची काही वर्षं या क्षेत्रात कामाला तोटा नाही, आणि नोकरी शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

अहवाल हातात आला की आधी पद्धतीचं प्रकरण उघडा. तुलना कशाशी केली आहे? तुलनाच नसेल तर तो लाभार्थींच्या समाधानाचा सर्वे आहे, एवढंच. मोठा आकडा दिसला तर तो प्रत्यक्ष मोजलेला की प्रतिमानातून (मॉडेलमधून) निघालेला, हे पाहा. २००७–१३ बद्दल कमिशनने २०१६ मध्ये सांगितलं की गुंतवलेल्या प्रत्येक युरोमागे २०२३ पर्यंत २.७४ युरोचा जादा जीडीपी निर्माण होईल. हा आकडा भाषणांत वारंवार येतो. तो आर्थिक प्रतिमानाचा अंदाज आहे. प्रतिमान वाईट नसतं, रस्त्यांचं जाळं किंवा मोठ्या क्षेत्रावरचे परिणाम त्याशिवाय अजमावताच येत नाहीत. सेव्हिलच्या संयुक्त संशोधन केंद्रातलं 'रोमोलो' हे प्रतिमान त्यासाठीच आहे. पण गुंतवणुकीने उत्पादकता वाढते हे त्यात आधीच गृहीत धरलेलं असतं, म्हणून 'गुंतवणुकीने उत्पादकता वाढली का' या प्रश्नाचा पुरावा म्हणून ते चालणार नाही. लक्झेंबर्गच्या युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाचे विशेष अहवाल याच्या जोडीला वाचा. त्यांची भाषा रोखठोक असते.

सध्याच्या कालावधीवर काम करणाऱ्यांना एक जास्तीची काळजी घ्यावी लागेल. कोविडनंतर आलेला पुनरुज्जीवन निधी त्याच प्रदेशांत, त्याच वर्षांत, पुष्कळदा त्याच प्रकारच्या कामांवर खर्च झाला. दोन्हींची खाती वेगळी लावल्याशिवाय २०२१ नंतरचा कुठलाही परिणाम एकाच्या नावावर टाकू नका.

लिहिताना आणि प्रसिद्ध करताना

पहिल्या पानावर प्रश्न, तुलना, निकाल आणि निकालाभोवतीची अनिश्चितता, एवढंच. बेरोजगारी '१.५ टक्क्यांनी घटली' आणि '१.५ टक्केबिंदूंनी घटली' यांतला फरक पाळा, मराठीत लिहितानाही. ब्रिटनचे आकडे वापरले असतील तर २०२१ पासून तिथे 'नट्स'ऐवजी 'आयटीएल' ही वर्गवारी आहे आणि दोन्ही मालिका कुठे जोडल्या ते सांगा. आकड्यांच्या फायली ज्या दिवशी उतरवल्या ती तारीख फाइलच्या नावातच टाका, कारण मालिका दुरुस्त होत राहतात. गणिताचा कोड उघड्यावर ठेवा.

आणि ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना दोन पानी सारांश पाठवा, त्यांच्या भाषेत, आलेखांशिवाय. एका टिपणावर एका मासेमाराने पेन्सिलीने लिहून पाठवलं होतं की नव्या धक्क्यामुळे बोटी वाढल्या हे खरं, पण बर्फाचा कारखाना त्याच वर्षी बंद पडला, ते तुम्ही धरलंय का? आम्ही धरलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण नव्याने लिहिलं.